मायनरच्या जागी बंद पाइपलाइन: मागच्या वर्षांचा वापर आणि गळती कशी काढायची?

शेजपाळी_पुणे
आमच्या पाणी वापर संस्थेला मायनरच्या (शेतांना पाणी देणाऱ्या छोट्या उपकालव्याच्या) जागी बंद नलिका टाकण्याचा प्रस्ताव द्यायचा आहे. मायनर 4.2 किमी, बिनअस्तराची, अर्धी काळ्या मातीत तर अर्धी मुरमात. मुखाशी 2 फुटी पार्शल फ्ल्यूम (पाण्याच्या उंचीवरून विसर्ग मोजायची अरुंद गळ्याची चौकट) आहे. जुन्या गेज (पाण्याच्या उंचीच्या) नोंदवह्या, नमुना 7 चे अर्ज (शेतकऱ्यांची पाणी मागणी) आणि आकारणीचं (पाणीपट्टी लावलेलं) क्षेत्र हाताशी आहे. रब्बीच्या एका आवर्तनात (कालवा सोडण्याच्या एका पाळीत) सरासरी 14 क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी 12 दिवस चालतं आणि आकारणी 180 हेक्टर गव्हाची होते. मुखावरच्या पाण्यातून या 180 हेक्टरची गरज वजा करायची आणि उरलेली सगळी गळती पाइपाने वाचेल असं धरायचं, हे चालेल का?

गेजवाला
नाही, त्यात झिरपा (कालव्यातून मातीत मुरणारं पाणी), हिशेबाबाहेरचा वापर आणि मोजणीची चूक या तीन वेगळ्या गोष्टी एकाच आकड्यात मिसळतात. आधी मुखाचं पाणी: 1 क्युसेक 24 तास म्हणजे 2,447 घनमीटर. 14 क्युसेक 12 दिवस म्हणजे सुमारे 4.11 लाख घनमीटर. गव्हाच्या एका पाळीला मुळांशी 60 मिमी आणि शेतातली कार्यक्षमता 65 टक्के धरली तर शेतावर हेक्टरी साधारण 920 घनमीटर लागतं. 180 हेक्टरचे झाले 1.66 लाख. उरले 2.45 लाख.

आता झिरपा. 0.4 घनमीटर (घमी)/सेकंद, म्हणजे 14 क्युसेक, वाहणाऱ्या मातीच्या मायनरचा ओला परिमाप (आडव्या छेदात पाणी लागणाऱ्या तळ-बाजूंची लांबी) अंदाजे 3 मीटर, म्हणजे ओलं क्षेत्र 12,600 चौमी. बिनअस्तराच्या कालव्याला दर दशलक्ष चौमीला 2.4 घमी/सेकंद हा आपल्याकडे रूढ असलेला दर लावा: 0.03 घमी/सेकंद, म्हणजे जेमतेम 1.07 क्युसेक. बारा दिवसांत सुमारे 31 हजार घनमीटर. बाष्पीभवनाची चिंता सोडा. तोच दर दिवसाला 207 मिमी झिरपा देतो, बाष्पीभवन भर उन्हाळ्यातही 10 मिमीच्या आसपास.

म्हणजे 2.45 लाखांपैकी झिरप्याचे 31 हजार. बाकीचे 2.14 लाख म्हणजे आकारणीत न आलेली पिकं, वरच्या दारांतून ओढलेलं जादा पाणी, रात्री नाल्याला जाणारं पाणी आणि मोजणीची चूक. पाइप टाकला म्हणून हे आपोआप वाचत नाही.

नोंदवह्यांवर विश्वास ठेवण्याआधी फ्ल्यूम तपासा. 2 फुटी पार्शलचं सूत्र: विसर्ग = 8 × उंचीचा 1.55 वा घात, उंची फुटांत. 1.44 फुटांना 14 क्युसेक. गेजपट्टीचं शून्य 15 मिमी खाली बसलं असेल तर विसर्ग पाऊण क्युसेकने जास्त दिसतो, म्हणजे झिरप्याच्या तीन चतुर्थांश चूक एका पट्टीतच. लेव्हल लावून पट्टीचं शून्य फ्ल्यूमच्या तळाशी जुळतं का ते बघा. फ्ल्यूमच्या खाली गाळ-गवत वाढून पाणी तुंबलं आणि फ्ल्यूममधली खालच्या बाजूची पाण्याची उंची वरच्या बाजूच्या उंचीच्या 70 टक्क्यांपुढे गेली, तर हे सूत्र विसर्ग फुगवून सांगतं. जुन्या वहीत "1.4" हे दशांश फूट आहे की 1 फूट 4 इंच, हेही पाहा, फरक सुमारे 1 क्युसेकचा पडतो.

मुरूमपट्टा
झिरपा प्रत्यक्ष मोजायचा तर मुख आणि शेवट यांतला फरक काढू नका. दोन्हीकडे 5-5 टक्के चूक धरली तरी फरकातली चूक साधारण 1 क्युसेक येते, म्हणजे जे मोजायचंय तेवढीच. ती पद्धत मोठ्या कालव्याच्या लांब पट्ट्यालाच ठीक.

इथे साठवण चाचणी घ्या. 100 ते 150 मीटरचा तुकडा दोन्हीकडे मातीचे बांध घालून अडवा, त्यातली दारं चिकणमातीने बंद करा, पूर्ण पातळीपर्यंत भरा. पहिले 24 तास पाणी पुन्हा पुन्हा भरत राहा, ते आकडे घेऊ नका. काळी माती कोरडी असताना भेगाळलेली असते आणि पहिल्या दिवशी प्रचंड पाणी पिते, फुगल्यावर बसते. नंतर दर तासाला पातळी वाचा, बाष्पीभवन वजा करा. झिरपा = पातळीतली घट × पाण्याच्या पृष्ठभागाची रुंदी ÷ ओला परिमाप. एक तुकडा काळ्या मातीत, एक मुरमात घ्याच. दोन्हींची सरासरी नुसती न काढता लांबीच्या प्रमाणात काढा. चाचणी आवर्तनानंतर लगेच घ्या. मे महिन्यातल्या कोरड्या मायनरवर घेतलेला आकडा चालू कालव्याला लागू पडत नाही.

लाभक्षेत्र
आकारणीपेक्षा खरं भिजलेलं क्षेत्र किती, हे उपग्रहातून काढता येतं. सेंटिनेल-2 च्या 10 मीटरच्या प्रतिमा 2015 पासून आहेत, त्याआधीसाठी लँडसॅट, 30 मीटरच्या. जानेवारीत आकाश स्वच्छ असतं आणि रब्बी उभी असते, तेव्हाची घ्या. समजा हिरवं क्षेत्र 300 हेक्टर निघालं, तर वापर 2.77 लाख होतो आणि झिरपा धरून हिशेबाबाहेर फक्त 1 लाखाच्या आसपास राहतं.

पण त्या 300 मध्ये विहिरीवरची शेतंही आली. त्यांना पाणी कुठून येतं? बरंचसं याच मायनरच्या झिरप्यातून. पाइप टाकला की त्या विहिरींची पातळी उतरेल, आणि प्रस्तावात ही माणसं नसतील तर पहिली तक्रार त्यांचीच असेल. मायनरपासून 500 मीटरच्या पट्ट्यातल्या विहिरींची पातळी आवर्तनाआधी आणि नंतर मोजा, आणि "वाचलेलं पाणी" यातून तेवढं कमी करा.

शेजपाळी_पुणे
आभार, हे फार उपयोगी आहे. वर्षं कोणती निवडायची?

गेजवाला
सिंचन वर्ष 1 जुलै ते 30 जून धरा आणि हंगाम वेगळे ठेवा: खरीप 14 ऑक्टोबरपर्यंत, रब्बी फेब्रुवारीअखेर, नंतर उन्हाळी. किमान 10 वर्षं. 2012-13, 2015-16, 2018-19 सारखी टंचाईची वर्षं सरासरीत घेऊ नका, वेगळ्या रकान्यात दाखवा. आणि पाइपाचा व्यास हंगामाच्या सरासरीवर कधीच काढू नका. सर्वांत दाटीच्या पाळीतल्या विसर्गावर काढा, नाहीतर टेलला (मायनरच्या शेवटच्या शेतांना) पुन्हा तीच रड.