काजूबागेतली वाट स्ट्राव्हावर चढली, आता तार लागली. काय करावं?

सडा_उतार (डिचोली)
नमस्कार मंडळी. आमच्या बाजूला सड्यावरून (वरच्या पठारावरून) काजूच्या बागेतनं ओहळापर्यंत उतरणारी एक पायवाट आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. आम्ही मोजकेच जण रविवारी सकाळी एमटीबी (डोंगरी सायकली) घेऊन जायचो. बागेतले काका "खंय चल्ले रे?" विचारायचे, तेवढ्यावर भागायचं. मग कोणीतरी स्ट्राव्हावर, म्हणजे राइड नोंदवायच्या अ‍ॅपवर, त्या उताराचा सेगमेंट (वेळ मोजायचा टप्पा) बनवला. आता लांबलांबून लोक कारच्या टपावर सायकली बांधून येतात, लीडरबोर्डवर (सगळ्यांच्या वेळांच्या यादीत) वरचा नंबर काढायला. या हंगामात बागेच्या तोंडाला काटेरी तार आणि पाटी: 'सायकलींक बंदी'. चालणाऱ्यांना मात्र बाजूनं फट ठेवलीय! सर्व्हे प्लॅनवर तिथं तुटक रेष आहे, म्हणजे वाट जुनी. पंचायतीत अर्ज टाकावा का?

खांडेपारकाठ
टाकच. पिढ्यान्‌पिढ्यांची वाट अशी तार मारून बंद करता येत नाही. आज सायकल, उद्या माणसं.

काजूवाली_सत्तरी
माझ्या सासरी काजूची बाग आहे आणि सायकल मीही चालवते, त्यामुळे दोन्हीकडचं सांगते.

मार्च ते मे या दिवसांत बागेत सकाळी काय चालतं ते बघितलंय का? बोंडू (काजूचं फळ) झाडावरून काढत नाहीत, पिकून खाली पडलेला वेचतात. टोकाला खिळा ठोकलेली काठी घ्यायची, बोंडू टोचायचा, बी पिळून वेगळी करायची, बोंडू डब्यात. माझी सासू तासन्‌तास वाकलेली असते. वर झाडाची फांदी, खाली वाळका पाचोळा. पाचोळ्यात तिच्याच पावलांचा एवढा आवाज होतो की वळणावरून येणारी सायकल ऐकूच येत नाही. आणि येणारा ब्रेक मारत नाही, कारण ब्रेक मारला की नंबर गेला. सगळं दुखणं इथं आहे. सायकल आम्ही वर्षानुवर्षं बघतोय, कोणी तार मारली नव्हती. घड्याळ आलं आणि तार आली.

चाकाखाली गेलेला बोंडू मातीत जातो, त्याचा रस निघत नाही, म्हणजे हुर्राकही (त्या रसाची दारू) नाही. ते एक वेळ सोडा. पण वळणावर मागचं चाक घसरवत नेलं की चर पडतो, आणि जूनमध्ये पाणी तोच चर धरून माती घेऊन ओहळात जातं. ते दगड लावून कोण बुजवतं? तुमचा लीडरबोर्ड?

आणि खांडेपारकाठबाब, वाट जुनी आहे हे खरं, पण ती चालायची आणि भारा वाहायची. तुटक रेषेवरून वाट होती एवढंच कळतं. तिच्यावरून कोणी काय हाकावं ते रेष सांगत नाही. अर्ज टाकलात की काका वकील गाठतील आणि चालणाऱ्यांची फटही जाईल. आधी त्यांच्या पडवीत जाऊन बसा.

नकाशाकीडा
बायनं माणसांचं सांगितलं, मी अ‍ॅपचं सांगतो. सेगमेंट धोकादायक म्हणून फ्लॅग करता येतो, मग त्यावरचा लीडरबोर्ड जातो. त्यासाठी सेगमेंट तुमचा असावा लागत नाही. आपली राइड 'फक्त मला' ठेवली तर ती हीटमॅपमध्येही (सगळ्यांच्या राइड मिळून उजळणारा नकाशा) जात नाही. 2018 च्या जानेवारीत याच हीटमॅपवर वाळवंटातले लष्करी तळ उजळलेले दिसले होते, तेव्हा आपली काजूबाग ती काय!

दुसरी गोष्ट ओपनस्ट्रीटमॅपची, म्हणजे कोणीही भर घालू शकतो अशा खुल्या नकाशाची. बरीच अ‍ॅप्स वाटा तिथनंच उचलतात. पुष्कळ जण रागानं तिथली वाट पुसून टाकतात. त्याचा उपयोग नाही, कारण सॅटेलाइटवर दिसली की दुसरा कोणी परत काढतो. वाट ठेवायची आणि 'सायकलला मनाई' किंवा 'मालकाच्या परवानगीनं' असा टॅग लावायचा.

जाता जाता: म्हादई अभयारण्यातली रेष हीटमॅपवर कितीही चमकली तरी आत जायला वनखात्याची परवानगी लागतेच. आधी कोणीतरी गेला होता, एवढंच त्या रेषेवरून कळतं.

खांडेपारकाठ
पण मग सायकलवाल्यांना हक्क कुठलाच नाही का? चुलतभाऊ इंग्लंडमध्ये असतो. तिथं घोडेवाटांवर 1968 पासून कायद्यानं सायकल चालते.

काजूवाली_सत्तरी
चालते ना, पण चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट देऊन. आणि तिथल्या नुसत्या पायवाटेवर सायकलला तसा हक्क नाहीच. भावाला विचारा.

सडा_उतार (डिचोली)
सेगमेंट फ्लॅग केला. अर्ज तूर्त राहू दे. शनिवारी काकांकडे जातो. हंगामभर सायकल बंद, आणि पावसाआधी चर आम्ही बुजवून देतो, असं बोलायचं म्हणतोय. बाय, चालेल?

काजूवाली_सत्तरी
चालेल. दुपारी जेवणानंतर जा, सकाळी वेचणी असते. आणि ती सायकलची घट्ट चड्डी घालून जाऊ नका.

नकाशाकीडा
टॅग मी लावतो. मनाई की परवानगीनं, ते काकांना विचारून कळव.