वॅटचा आकडा आणि ओला फिल्टर
व्हॅक्यूम क्लीनरमध्ये वॅट जास्त म्हणजे धूळ खेचण्याची ओढ जास्त, असे म्हटले जाते; हे मत मला अर्धेच पटते; वॅटचा आकडा मोटर किती वीज खाते एवढेच सांगतो, प्रत्यक्ष ओढ मात्र नळीचे सांधे किती घट्ट आणि पिशवी व फिल्टर किती मोकळे आहेत यावरही अवलंबून असते. वॅटच्या या चर्चेत फिल्टर धुण्याचा मुद्दा राहून जातो. वरून कोरडा लागला म्हणून फोमचा फिल्टर मी एकदा तसाच बसवला, तर थोड्याच वेळात कुबट वास येऊ लागला आणि उघडून पाहिले तेव्हा आतल्या ओलीवर बारीक धुळीचा चक्क चिखल थापलेला होता. आता तो सावलीत पुरते २४ तास वाळवल्याखेरीज मी यंत्र सुरू करत नाही. अतिशय बारीक कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरला मात्र, तो धुण्याजोगा असल्याचे माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले नसेल, तर पाणी अजिबात लावू नये.