साठ खाटांच्या रुग्णालयाचा जोखीम-तक्ता कसा भरायचा?

रात्रपाळी_सिस्टर:
तालुक्याच्या गावातलं खाजगी रुग्णालय, ६० खाटा. एनएबीएचची (रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणारी संस्था) तयारी चालू आहे. सरांनी एक तक्ता हातात दिलाय: आग, पूर, वीज जाणं, ऑक्सिजन संपणं, बाळचोरी, नातेवाइकांकडून मारहाण... प्रत्येकासमोर शक्यता, नुकसान आणि आपली तयारी यांना ० ते ३ गुण. रविवारपर्यंत भरून द्यायचाय. टेबलावर बसून भरायला घेतला तर सगळ्यालाच २ द्यावेसे वाटतात. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाच्या आगीत १० बाळं गेली, तेव्हापासून रात्री एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात) असले की माझी नजर सारखी वॉर्मरच्या, म्हणजे बाळांना ऊब देणाऱ्या यंत्राच्या, प्लगकडे जाते. म्हणून हे अंदाजाने भरायचं नाहीये. कुणी हे काम केलंय का?

बायोमेडिकलवाला:
आधी एक घोळ टाळा. तयारीचे गुण उलटे असतात. तयारी चांगली असेल तर १, काहीच नसेल तर ३. बरेच जण इथेच चुकतात आणि सगळ्यात धोक्याची गोष्ट यादीत तळाला जाते.
ऑक्सिजनचं सांगतो. नाशिकला २१ एप्रिल २०२१ ला टाकीपाशी गळती झाली, पाइपातला दाब पडला आणि किमान २२ रुग्ण गेले. त्यामुळे साठा किती एवढंच पाहू नका, दाब पडला तर पुढे काय ते पाहा. भरलेला बी टाइप सिलिंडर साधारण १५०० लिटरचा, मिनिटाला १० लिटरने अडीच तास चालतो. तुमच्याकडे किती आहेत, त्यातले भरलेले किती, ते उघडायचा पाना कुठे टांगलाय? वॉर्डाचा झोन व्हॉल्व्ह (त्या भागाचा ऑक्सिजन बंद करायचा कॉक) कुठे आहे हे रात्रीच्या सिस्टरला माहीत आहे का?

निवृत्त_मेट्रन:
बाळा, तक्ता घेऊन रात्री अडीचला फिर. दिवसा भरलेला तक्ता दिवसाचाच असतो. मी होते तिथे मागच्या जिन्याला कुलूप असायचं, चोऱ्या होतात म्हणून. किल्ली वॉचमनकडे, वॉचमन पुढच्या गेटला. तपासणीच्या दिवशी दार उघडं, म्हणून कागदावर सगळं ठीक. मला आजही त्या कुलपाचा राग येतो.
मारहाणीचंही तसंच. २०१० चा कायदा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, पण तो मार खाल्ल्यानंतरचा. आमच्याकडे मृत्यूची बातमी आयसीयूच्या दारातच सांगायचे, आत एकटी सिस्टर आणि बाहेर तीस-चाळीस माणसं. बातमी वेगळ्या खोलीत, मोठ्या डॉक्टरांनी, बसवून सांगायची. आणि त्या खोलीला दोन दारं हवीत.

रात्रपाळी_सिस्टर:
मॅडम, काल रात्री फिरले. दुसऱ्या मजल्यावर १४ रुग्ण, त्यातले ५ स्वतःहून उठू न शकणारे. माणसं किती? मी आणि एक मावशी. मागच्या जिन्याला कुलूप नव्हतं, पण मोडक्या खाटा आणि सलाइनचे खोके दारापर्यंत रचलेले. सिलिंडर सहा, भरलेले चार, पाना ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये). एनआयसीयूत एकाच एक्स्टेंशन बोर्डावर वॉर्मर आणि फोटोथेरपी (काविळीच्या बाळांसाठीचा दिवा), आणि तो बोर्ड हाताला गरम लागला. मेंटेनन्सला तेव्हाच फोन केला.
आगीला तिन्हीकडे ३ दिले. सर म्हणाले, 'इतके कसे?' मी त्यांना जिना दाखवायला नेलं. आज सकाळी खाटा हलवल्या, बोर्ड काढून भिंतीत वेगळे पॉइंट टाकायला वायरमन बोलावलाय.
एक विचारायचं राहिलं. त्याच दिवशी सिझर झालेल्या बाईला चादरीतून जिन्याने उतरवायला किती माणसं लागतात?

निवृत्त_मेट्रन:
चार. बाळ घ्यायला पाचवी. रात्री तुम्ही दोघीच आहात ना? हा हिशोब तक्त्याच्या मागे लिही आणि सरांची सही घे.