बोर्ड नवा करतोय तर आधी शोध नीट करू, बाकी प्लगइन नंतर. पटत नसेल तर लिहा

तापीकाठ

मंडळी, होस्टिंगवाल्यांनी कळवलंय की जुनं पीएचपी (बोर्डाचं सॉफ्टवेअर ज्या भाषेत लिहिलंय ती) ते आता बंद करणार. आपला केळी-कापूस-अहिराणीचा चर्चेचा बोर्ड अजून पीएचपीबीबी ३.० या फोरम सॉफ्टवेअरवर चालतो, त्यामुळे हलावं तर लागणारच. पीएचपीबीबी ३.३ घ्यायचं, की डिस्कोर्स, फ्लॅरम अशी दुसरी फोरम सॉफ्टवेअरं, यावर फोनवर बरीच बोलणी झाली. त्यात वरून जोडायच्या तुकड्यांची, म्हणजे प्लगइनची, ज्याची त्याची मागणी वेगळी: लाइव्ह चॅट, बॅज, रिअ‍ॅक्शन, बाजारभावाची पट्टी, एआयचा सारांश. यादी लांबत चालली आहे म्हणून माझं मत इथे मांडतो.

आपल्या बोर्डाची कमाई म्हणजे त्यात साठलेलं लिखाण. रावेर-यावलच्या बागायतदारांनी सीएमव्ही या केळीच्या विषाणूरोगावर लिहिलेले अनुभव, ठिबकच्या दाबाचे हिशेब, कानबाई या खानदेशातल्या देवीच्या गाण्यांचे पाठभेद. हे सगळं आहे, पण सापडत नाही. शोधात ‘कापूस’ टाका, ज्या पोस्टीत फक्त ‘कापसाला’ किंवा ‘कापसावर’ आहे ती येणारच नाही. केळीच्या एकाच रोगाला कुणी सीएमव्ही लिहितो, कुणी हरण्या, कुणी कुकुंबर मोझॅक, आणि तिन्ही धाग्यांत तीच चर्चा पहिल्यापासून सुरू होते. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्दच घ्या. काही जणांच्या कीबोर्डवर त्यातला ‘ऱ’ युनिकोडमधलं स्वतंत्र अक्षर म्हणून उमटतो, काहींच्या कीबोर्डवर साध्या ‘र’ला हलन्त लागून पुढे न दिसणारं जोडचिन्ह बसतं. वाचताना दोन्ही सारखेच, पण शोधाच्या लेखी दोन वेगळे शब्द. जुन्या जाणत्यांचं लिखाण नव्या पोरांना दिसत नाही त्याचं एक कारण हे आहे.

म्हणून माझं म्हणणं: शोध आणि टॅग (धाग्याला लावायच्या विषयाच्या खुणा), एवढंच पहिल्या वर्षी. आणि अट एकच, मूळ सॉफ्टवेअरच्या फाइलींना हात लावणारं काहीही घ्यायचं नाही. ३.० च्या काळातले मॉड, म्हणजे मूळ कोडमध्ये करायचे बदल, ज्यांनी लावले त्यांना आठवत असेल. मॉडसोबत सूचनांचा कागद यायचा: व्ह्यूटॉपिकची (धागा दाखवणारी) फाइल उघडा, अमुक ओळ शोधा, तिच्या खाली हे चिकटवा. असे चार-पाच मॉड झाले की मूळ फाइल ओळखू यायची नाही, आणि सुरक्षेचं अपडेट आलं की सगळी चिकटवाचिकटवी पुन्हा. ऑक्टोबर २०१४ मध्ये ३.१ आलं आणि हे थांबलं. आता एक्स्टेन्शन (पीएचपीबीबीतलं प्लगइन) स्वतःच्या फोल्डरमध्ये राहतं. मूळ कोडमध्ये ठिकठिकाणी ‘इव्हेंट’ ठेवलेले आहेत, त्या जागी ते आपलं काम करून घेतं. नको वाटलं तर पॅनेलमधून बंद करायचं, बाकी बोर्डाला धक्का लागत नाही. माझा कल ३.३ कडे आहे तो यासाठी.

शिरपूरकरीण

दादा, शोधाचं मान्य, पण क्रम उलटा लावताय तुम्ही. जे लिहिलंच जात नाही ते कुठला शोध काढून देणार?

आपल्याकडे नवा माणूस येतो तो फोनवरून. बागेत पानावर पिवळे पट्टे दिसले की तो तिथेच उभा राहून फोटो काढतो आणि चढवायला जातो, तर बोर्ड म्हणतो फाइल मोठी आहे. पीएचपीबीबीत जोडलेल्या फाइलची मूळ मर्यादा २५६ केबी. आजच्या फोनचा एक फोटो याच्या कितीतरी पट असतो. मग तो माणूस तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, तिथे कुणीतरी जाणकार सांगतो की झाड उपटून गाडा, मावा आटोक्यात आणा, बागेजवळ काकडीवर्गीय पिकं ठेवू नका. चांगलं उत्तर असतं ते. पण ते त्या ग्रुपबाहेर कुणालाच मिळत नाही, आणि दहा दिवसांनी त्या ग्रुपातसुद्धा कुणाला सापडत नाही.

म्हणून मी डिस्कोर्सच्या बाजूने आहे. २०१३ साली ते आलं तेव्हापासून फोनचा विचार त्यात आहे. अर्धवट लिहिलेलं आपोआप जपलं जातं, त्यामुळे रेंज गेली तरी मजकूर जात नाही. आलेल्या ईमेलला तिथूनच उत्तर दिलं तर ते धाग्यात उमटतं. तुमचा हरण्याचा प्रश्नही तिथे प्लगइनशिवाय सुटतो, कारण टॅगला पर्यायी नावं देता येतात. हरण्या टाका की कुकुंबर मोझॅक, टॅग सीएमव्हीचाच लागेल. पीएचपीबीबीत मुळात टॅगच नाहीत, त्यासाठी पहिल्या दिवसापासून एक्स्टेन्शन आलं. प्रश्नकर्त्याला ‘हे उत्तर बरोबर’ अशी खूण करू देणारं सॉल्व्ह्ड नावाचं प्लगइन आहे. शेतीच्या विभागाला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. शिवाय २०२५ मध्ये त्यांनी आधी वेगळी मिळणारी बरीच अधिकृत प्लगइन मूळ सॉफ्टवेअरसोबतच द्यायला सुरुवात केली. म्हणजे अपडेट आलं की ती मागे राहतील, ही धास्ती कमी झाली.

रात्रपाळी_भुसावळ

ताई, सगळं खरं, पण हे चालवणार कोण?

सर्व्हर सांभाळणं हेच माझं रोजचं काम आहे, म्हणून सांगतो. पीएचपीबीबी कुठल्याही साध्या शेअर्ड होस्टिंगवर बसतं. डिस्कोर्सच्या पोटात रूबी ऑन रेल्स ही चौकट, पोस्टग्रेस आणि रेडिस हे डेटाबेस, आणि हे सगळं डॉकरच्या बंद पेटीत, म्हणजे कंटेनरमध्ये. स्वतःचा सर्व्हर लागतो, मेमरी किमान १ जीबी आणि वर स्वॅप (डिस्कवरची उसनी मेमरी), बरं चालायला २ जीबी. ईमेल पाठवण्याची सोय निराळी करावी लागते, ती बिघडली तर नव्या सदस्याला खातं उघडल्याचं पत्रच जात नाही. त्यांच्या थीमचे तुकडे फक्त ब्राउझरमध्ये चालतात, ते लगेच लावता-काढता येतात. पण खरं प्लगइन सर्व्हरवर चालतं. ते घालायचं किंवा काढायचं तर आख्खा कंटेनर नव्याने बांधावा लागतो आणि तेवढा वेळ साइट बंद. मेमरी तोकडी असेल तर हे बांधकाम मध्येच कोसळतं. तेव्हा तुमच्यापैकी कोण उठणार आहे?

आणि तापीकाठ दादा, तुमच्याही पुढे जाऊन मी म्हणेन की वर्षभर एकही प्लगइन नको, शोधाचंही नको. प्लगइन म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी मोकळ्या वेळेवर टाकलेला भरवसा. त्याला नोकरी लागली, लग्न झालं, कंटाळा आला, की संपलं. पुढच्या आवृत्तीत ते चालत नाही आणि त्याच्यापायी आपण मूळ सॉफ्टवेअरचं अपडेटही लांबवत बसतो. अपडेट लांबवल्याची किंमत डिसेंबर २००४ मध्ये हजारो बोर्डांनी मोजली. सँटी नावाचा वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम, गूगलवर पीएचपीबीबीचे बोर्ड शोधायचा आणि त्यातल्या एका भोकातून आत शिरून पानंच्या पानं पुसायचा. दुरुस्ती २.०.११ या आवृत्तीत महिनाभर आधीच आलेली होती. ज्यांनी ती लावली नव्हती, त्यांचे बोर्ड गेले.

सावद्याचा_केळीवाला

भाऊहो, भावाची पट्टी का नको ते कुणी सांगेल का? आमच्याकडे सकाळी पहिला प्रश्न हाच असतो, बऱ्हाणपूरला काय निघाला. सावदा-रावेरच्या बांधावरची बोलणी त्याच भावाकडे बघून होतात. बोर्ड उघडल्यावर वरच भाव दिसला तर माणूस रोज येईल, आणि रोज आला तर बाकीचंही वाचेल. तुम्ही सगळे बोर्ड कसा टिकेल ते बोलताय, मी लोक कसे येतील ते बोलतोय. कोरं सॉफ्टवेअर घेऊन काय करायचं?

तापीकाठ

@सावद्याचा_केळीवाला, दादा, मागणी रास्त आहे. पण पट्टीत आकडा कुठून येणार? आपोआप उचलायचा तर ज्या साइटवरून उचलू तिने मांडणी बदलली की आपली पट्टी कालचा भाव आजचा म्हणून दाखवत राहील, आणि त्यावर कुणी माल दिला तर नुकसान त्याचं. त्यापेक्षा रोजचा एक धागा वर टाचून ठेवू. माणसाने, आपल्या नावाने, कोणत्या मालाचा आणि कुठला भाव ते लिहावं. खाली दुसरा म्हणेल की आम्हाला एवढा मिळाला नाही. हे खालचं बोलणं पट्टीत येत नाही, आणि शेतकऱ्याला तेच हवं असतं.

@शिरपूरकरीण, फोटोचं तुमचं बरोबर आहे, टॅगचंही. पण डिस्कोर्सने शोध सुटतो असं धरून चालू नका. त्याचा शोध पोस्टग्रेसवर उभा आहे. शब्दाचे प्रत्यय काढून मूळ रूप ओळखायचे नियम पोस्टग्रेसमध्ये भाषेगणिक असतात. नेपाळीचे १२ व्या आवृत्तीत आले, हिंदीचे २०२१ च्या १४ व्या आवृत्तीत. मराठीचे नाहीत. आणि हिंदीचे नियम आपल्याला चालत नाहीत. हिंदीत ‘कपास को’ लिहिताना शब्द सुटा राहतो. आपल्याकडे ‘ला’ चिकटतो आणि चिकटण्याआधी शब्दच बदलतो, ‘कापूस’चा ‘कापसा’, ‘शेतकरी’चा ‘शेतकऱ्या’. म्हणजे सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, मराठी सामान्यरूपाचे नियम कुणीतरी बसून लिहायचे आहेत. ते आपण का लिहू नयेत? जळगावला विद्यापीठ आहे, भाषेचं आणि संगणकाचं शिकणारी पोरं आपल्यातच आहेत. बॅज आणि रिअ‍ॅक्शन जगात कुणीही करून देईल. मराठी शोध आपल्याशिवाय कोण करणार?

अहिराणी_अंगण

एआयच्या मुद्द्यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. डिस्कोर्सच्या एआय प्लगइनमध्ये सारांशाबरोबर मजकुराचं भाषांतर करायचीही सोय आहे. माझा तिला विरोध आहे, निदान अहिराणीच्या विभागात. अहिराणीला आयएसओ ६३९-३ या भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीत ‘एएचआर’ हा स्वतंत्र कोड आहे. पण कोड असणं वेगळं आणि यंत्राला भाषा येणं वेगळं. ‘माले’, ‘तुले’, ‘आठे’, ‘तठे’ असं लिहिलेली पोस्ट यंत्राने चुकलेली मराठी समजून दुरुस्त करून दाखवली, तर जे जपायला हा विभाग उघडला त्यावरच बोळा फिरेल. आमच्याकडच्या पोरांना शाळेत हेच ऐकावं लागलंय की तुमचं चुकलं. ते बोर्डावर पुन्हा नको.

शोधाच्या नियमांनाही माझी हीच अट राहील. अहिराणी आणि लेवा गणबोली (आपल्याकडची लेवा समाजाची बोली) यांचे विभाग त्यातून वेगळे ठेवा.

एक नवी गोष्ट मात्र मला हवीच आहे, आवाजाची. कानबाईची गाणी ज्यांना येतात त्या बायका टाइप करत नाहीत आणि करणारही नाहीत. त्या गातील, आम्ही चढवू. याला कुठलंही प्लगइन लागत नाही. पीएचपीबीबी असो की डिस्कोर्स, परवानगी असलेल्या फाइलींच्या यादीत एमपी३ घालायचं. इतकी साधी गोष्ट आजवर राहिली याचं वाईट वाटतं.

शिरपूरकरीण

@रात्रपाळी_भुसावळ, सर्व्हर कोण सांभाळणार हा प्रश्न खरा आहे, पण त्याचं उत्तर ‘काहीच नको’ हे नाही. पीएचपीबीबीमधून डिस्कोर्समध्ये लिखाण नेणारी स्क्रिप्ट त्यांच्याच कोडमध्ये आहे, जुने दुवे नव्या पानाकडे वळवायचीही सोय आहे. आधी एक प्रत चाचणीला उभी करू. गावागावांतली चार माणसं फोनवरून वापरून बघतील, मग भांडू. न बघता तुम्ही नाही म्हणताय आणि न बघता मी हो म्हणतेय, हे दोन्ही बरं नाही.

रात्रपाळी_भुसावळ

चाचणीला माझी ना नाही, सर्व्हर मी उभा करतो. पण तेव्हा दुव्यांचं बघा. डिस्कोर्स मूळ सेटिंगवर ठेवलं तर देवनागरी शीर्षकाच्या दुव्यात नुसतं ‘टॉपिक’ येतं. ते बदलायचं सेटिंग आहे, पण बदललं की व्हॉट्सअ‍ॅपवर दुवा टक्केचिन्हांची मोठी माळ होऊन जाऊ शकतो. दोन्ही करून बघू.

शोधाच्या प्लगइनला माझा विरोध अजून आहे. नियम लिहायला आज सगळे तयार होतील, पण दोन वर्षांनी मूळ सॉफ्टवेअर बदललं की ते कोण जुळवून घेणार? दोन माणसं नावानिशी पुढे येत असतील आणि कोड खुला, सगळ्यांना दिसेल असा ठेवणार असतील, तर मी माझं म्हणणं मागे घेईन. तोवर ‘ऱ’चा घोळ प्लगइनशिवाय मिटवता येतो. आधी बॅकअप, मग डेटाबेसमधली सगळी जुनी रूपं एकदाच एका रूपात आणायची आणि शोधाची अनुक्रमणिका नव्याने बांधायची. पुढे जुन्या कीबोर्डवरून नव्या पोस्टी येत राहतील, तेव्हा हे अधूनमधून पुन्हा करावं लागेल.

तापीकाठ

पहिलं नाव माझं लिहा. दुसरं कोण?

शिरपूरकरीण

नियमांच्या यादीला मी आहे, कोड मला येत नाही. पण फोटोची मर्यादा आजच वाढवा. त्यासाठी बोर्ड बदलायची वाट बघायची गरज नाही.

रात्रपाळी_भुसावळ

ताई, नुसता पॅनेलमधला आकडा वाढवून भागत नाही. पीएचपीची स्वतःची अपलोड मर्यादा मुळात २ एमबी असते. ती होस्टिंगच्या सेटिंगमध्ये बदलावी लागेल, पासवर्ड तापीकाठ दादांकडे आहे. दादा, आज संध्याकाळी फोन करा, दोन्ही करून टाकू.