इथेनॉलच्या टँकरची विमानातल्या मालासारखी तपासणी का होऊ नये?

धागाकर्ता, लातूर:
धोकादायक माल विमानाने पाठवायचा असेल, तर विमान कंपनी पाठवणाऱ्याचे घोषणापत्र, वेष्टन आणि लेबले तपासते व एखादी नोंद चुकली तरी माल परत करते. जहाजासाठीही कंटेनर भरणाऱ्याला माल नीट रचल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. रस्त्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२९ ते १३७ आहेत आणि ते पुरेसे कडकही आहेत. परंतु साखर कारखान्याच्या फाटकातून इथेनॉलचा टँकर निघताना मालाचा क्रमांक व धोका सांगणारा माहिती फलक, केबिनमधले ट्रेम कार्ड (अपघातात काय करायचे हे सांगणारे कार्ड) आणि झडपा कोणी नेटाने पाहतो, असे मला तरी आढळलेले नाही. ही तपासणी झाल्याखेरीज टँकर सोडू नये.

प्रतिसाद १, वाहतूकदार, जालना:
मला हे पटत नाही. विमानतळावर माल एका ठिकाणी येतो आणि तिथे प्रशिक्षित माणसे असतात. आमच्याकडे नियम ९ प्रमाणे चालकाला एक भारतीय भाषा व इंग्रजी वाचता-लिहिता यावी लागते, शिवाय प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. असे चालक आधीच दुर्मीळ आहेत. त्यात एप्रिलच्या उन्हात भरलेल्या टँकरांची रांग फाटकावर उभी करणे हाच मोठा धोका आहे.

धागाकर्ता:
रांगेचा धोका मान्य आहे, पण तपासणी टँकर भरण्यापूर्वी केली तर भरलेले टँकर खोळंबणारच नाहीत. झाकणे आणि झडपा तेवढ्या भरल्यावर पाहाव्यात.

प्रतिसाद २, निवृत्त अग्निशमन कर्मचारी, परभणी:
फलकाचे महत्त्व घाटात टँकर उलटल्यावर कळते. त्यावरचा १२०३ हा क्रमांक पेट्रोलचा, तर ११७० इथेनॉलचा. इथेनॉल पाण्यात मिसळते आणि आग विझवण्याचा साधा फेस मोडून टाकते, म्हणून त्याला अल्कोहोलरोधक फेसच लागतो. शुद्ध इथेनॉलची फिकट निळसर ज्वाला भर दुपारी नीट दिसतही नाही. अशा वेळी सांडलेले इंधन भरून न्यायला कॅन घेऊन धावणाऱ्या गावकऱ्यांना कोण अडवणार? क्रमांक पुसट असेल तर आम्ही चुकीचा फेस घेऊन पोहोचतो. त्यामुळे मी धागाकर्त्याच्या बाजूचा आहे. मात्र ट्रेम कार्डाची मराठी प्रतही सक्तीची हवी.

प्रतिसाद ३, वाहतूकदार, जालना:
मराठी प्रत माझ्या गाड्यांमध्ये मी ठेवीन, त्यासाठी सक्तीची वाट पाहणार नाही. टँकर भरण्यापूर्वीच्या तपासणीलाही आता माझी हरकत नाही. पण नियम १३१ माल पाठवणाऱ्यावर जबाबदारी टाकतोच, तेव्हा तपासणारा माणूस कारखान्याने नेमावा आणि त्याचा खर्च आमच्या भाड्यातून कापू नये.