मीटरचा डेटा गोळा करायला क्यूचा अ‍ॅडॅप्टर लिहितोय, इंटरफेस केवढा ठेवावा?

दांडियाबाजारकर:
नमस्कार मंडळी. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या कारखान्यांचे वीजमीटर वाचायचं काम करतो आम्ही. एका साइटवर ४० मीटर, दर १५ सेकंदांनी रीडिंग, रास्पबेरी पाय (तिथला छोटा संगणक) ते गोळा करून रॅबिटएमक्यूला, म्हणजे मेसेज रांगेत (क्यूत) ठेवणाऱ्या ब्रोकरला, पाठवतो आणि इकडे पायथनचा कन्झ्युमर, म्हणजे रांगेतून मेसेज उचलणारा प्रोग्राम, पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये लिहितो. आता नव्या गिऱ्हाईकाला काफ्काच (रॅबिटच्या जागी दुसरा ब्रोकर) हवाय आणि आमच्या कोडमध्ये जिथे तिथे पिकाचे (रॅबिटशी बोलणारी पायथन लायब्ररी) कॉल पसरलेत, म्हणून मध्ये एक अ‍ॅडॅप्टर, म्हणजे ब्रोकर बदलला तरी बाकी कोड तोच राहील असा थर, टाकायचा विचार आहे. send, receive आणि बाकी सगळं आत झाकलेलं, एवढं पुरेल का? शिवाय २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी चढलं तेव्हा नेट गेलं आणि त्या काळातली रीडिंग कायमची गेली, ते परत होऊ द्यायचं नाहीये.

रावपुरा_बॅकएंड:
बाकी काहीही झाका पण अ‍ॅक (मेसेजचं काम झालं अशी कन्झ्युमरने दिलेली पोच) झाकू नका!! तुमचा कन्झ्युमर auto_ack वर (पोच आपोआप धरली जाते) चालतोय का ते आधी बघा, कारण तसं असेल तर मेसेज हातात पडला की रॅबिट तो विसरतो, आणि डेटाबेसमध्ये लिहायच्या आधी प्रोसेस मेली की रीडिंग गेलं. म्हणून send, receive, ack आणि reject असे चार तरी ठेवाच.
आता काफ्काचं. तिथे नेहमीच्या पद्धतीत एकेका मेसेजला अ‍ॅक नसतो, ऑफसेट (मेसेजचा क्रमांक) कमिट होतो, म्हणजे इथपर्यंतचं सगळं झालं अशी खूण. ४१ वा मेसेज फसला, ४२ वा झाला आणि तुम्ही ४२ च्या पुढचा ऑफसेट कमिट केला, की कन्झ्युमर रीस्टार्ट झाल्यावर ४१ वा परत मिळत नाही. तेव्हा काफ्कावाल्या अ‍ॅडॅप्टरने फसलेला मेसेज आधी वेगळ्या टॉपिकमध्ये (काफ्काच्या वेगळ्या कप्प्यात) टाकावा, मगच पुढचं कमिट. रॅबिटमध्येसुद्धा खराब मेसेज requeue करत (परत रांगेत टाकत) बसू नका, तोच तो परत परत येत राहतो, डेड लेटर क्यू (फसलेल्या मेसेजांची वेगळी रांग) लावा.

मांडवीचा_पोरगा:
नेट गेल्याचा इलाज अ‍ॅडॅप्टरमध्ये नाही हो, रास्पबेरी पायवर आहे. आधी एसक्यूलाइटमध्ये (तिथल्याच फाइलमधला छोटा डेटाबेस) लिहा, मग पाठवा, आणि ब्रोकरचा कन्फर्म (मेसेज मिळाल्याची पोच) आला की मगच ती ओळ काढा. क्यू ड्युरेबल आणि मेसेज पर्सिस्टंट (ब्रोकर रीस्टार्ट झाला तरी टिकणारे), दोन्ही पाहिजे, एकावर भागत नाही.
कन्फर्म येता येता नेट गेलं तर तेच रीडिंग दोनदा जाणार, हे धरूनच चाला. डेटाबेसमध्ये मीटर नंबर आणि रीडिंगची वेळ यांवर युनिक की, आणि ON CONFLICT DO NOTHING, म्हणजे तीच ओळ परत आली तर सोडून दिली जाते. वेळ मात्र रास्पबेरी पायवरची घ्या, सर्व्हरवर पोचल्याची नको, नाहीतर दुसऱ्यांदा आलेलं रीडिंग नवंच वाटेल.

दांडियाबाजारकर:
auto_ack खरंच चालू होतं, तीन वर्षं कुणी बघितलंच नाही! बंद केलं, कन्झ्युमर मुद्दाम kill करून पाहिला, एकही रीडिंग गेलं नाही, मनावरचं मोठं ओझं उतरलं. दोघांचे मनापासून आभार. फक्त ब्रोकरच्या कन्फर्मसाठी पिकाचं confirm_delivery लावल्यावर पाठवणं फारच मंदावलंय.

मांडवीचा_पोरगा:
एकेका रीडिंगचा वेगळा मेसेज करताय ना, म्हणून. एका फेरीतली ४० रीडिंग एकाच मेसेजात भरा, मिनिटाला चारच कन्फर्म लागतील. कन्झ्युमरला ती चाळीसही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळी लिहिली जातील नाहीतर एकही नाही) लिहा आणि कमिट झाल्यावरच अ‍ॅक द्या.