मदत हवी आहे: बडोद्याची बी. फार्म., कॅनडाचा फार्मासिस्ट परवाना आणि कागदोपत्री दोन नावे

नमस्कार. मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते. चार वर्षांचे बी. फार्म. करून २०१३ पासून एका रुग्णालयाच्या औषधविभागात नोकरी करते. मोठे दीर आणि जाऊबाई ब्रॅम्प्टनला असल्यामुळे आम्हा दोघांचाही कॅनडात स्थायिक होण्याचा विचार आहे, आणि तेथेही फार्मासिस्ट म्हणूनच काम करावे अशी माझी इच्छा आहे. या वाटेने गेलेल्यांचा सल्ला हवा आहे, कारण पहिल्याच पायरीवर माझी चूक झाली आहे.

एजंटच्या सांगण्यावरून मी मागील वर्षी पदवीचे मूल्यांकन, म्हणजे ज्याला सगळे ईसीए म्हणतात ते, वेस या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून करून घेतले. पदवी तेथील बॅचलर पदवीच्या तोडीची ठरली, घरात पेढेही वाटून झाले. त्यानंतर कॅनडा सरकारचे स्थायिक होण्याबाबतचे नियम स्वतः वाचायला बसले तेव्हा कळले की मुख्य अर्जदाराचा व्यवसाय फार्मासिस्ट असेल आणि त्याला परवाना लागणार असेल, तर ईसीए पीईबीसी या तेथील फार्मसी परीक्षा मंडळाकडूनच घ्यावे लागते. डॉक्टरांना जसे ते मेडिकल कौन्सिल ऑफ कॅनडाकडून घ्यावे लागते, तसेच. एजंटला विचारले तर तो म्हणतो, ‘तुमचे यजमान अकाउंटंट आहेत, त्यांना मुख्य अर्जदार करा, म्हणजे तुमचा वेसचा अहवाल चालेल.’ ज्याने आधी चुकीचे सांगितले त्याच्याच शब्दावर पुन्हा विसंबावे असे वाटत नाही. कोणी प्रत्यक्ष असे केले आहे का? ईसीए पाच वर्षेच ग्राह्य धरले जाते, त्यामुळे निर्णय फार लांबवूनही चालणार नाही.

परवान्यासाठी मात्र पीईबीसीला पर्याय दिसत नाही. फक्त क्वेबेक प्रांताची व्यवस्था वेगळी आहे, पण आमचे ओंटारियोच ठरलेले आहे. आधी कागदपत्रांची छाननी, मग इव्हॅल्युएटिंग परीक्षा, मग क्वालिफाइंग परीक्षेचे दोन भाग आणि त्यानंतर प्रांताच्या फार्मसी कॉलेजच्या (हे शिकण्याचे कॉलेज नव्हे, परवाना देणारी संस्था) अटी, असा क्रम मला समजला आहे. माझे घोडे छाननीपाशीच अडले आहे.

माझी खरी अडचण नावाची आहे. गुणपत्रिकांवर माझे नाव आमच्या गुजराती पद्धतीने आधी माहेरचे आडनाव, मग माझे नाव, मग वडिलांचे नाव असे आहे, आणि पदवीच्या प्रमाणपत्रावर त्याच्या आधी ‘कु.’ही आहे. पासपोर्टवर मात्र माझ्या नावापुढे यजमानांचे नाव आणि शेवटी सासरचे आडनाव आहे. लग्नात ताटातल्या तांदळांवर सोन्याच्या अंगठीने माझे नवे नाव लिहिले गेले होते. ते कागदावर आणले नाही म्हणून निदान पहिले नाव तरी दोन्हीकडे सारखे राहिले. एरवी परक्या माणसाला या दोन वेगळ्या बायकाच वाटाव्यात. लग्ननोंदणीचा दाखला गुजरातीत आहे. त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर आणि प्रतिज्ञापत्र एवढ्यावर काम भागते, की राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा लागतो? राज्य फार्मसी कौन्सिलकडे माझी नोंदणीही माहेरच्याच नावाने आहे. ती आधी बदलून घ्यावी, की पदवी आणि नोंदणी एकाच नावाची राहिलेली बरी?

दुसरी अडचण लिफाफ्याची. पदवीची कागदपत्रे शिक्षणसंस्थेने परस्पर पाठवायची असतात, उमेदवाराच्या हातून गेलेली चालत नाहीत. मी तीनदा खिडकीशी जाऊन हे समजावले. तेथील भाऊंनी दर वेळी शांतपणे फॉर्मवर सही-शिक्का करून तो माझ्याच हाती ठेवला आणि म्हणाले, ‘बेन, तमे ज मोकली दो ने’, म्हणजे तुम्हीच पाठवून द्या ना. शेवटी स्पीड पोस्टचे पैसे आधीच भरून, पत्ता टंकलेला लिफाफा घेऊन जाण्याचे ठरवले आहे. बडोद्यातून किंवा गुजरातेतल्या दुसऱ्या एखाद्या गावातून कोणाची कागदपत्रे अशी गेली असतील, तर त्यांनी अर्ज कोणाच्या नावे दिला आणि पाठपुरावा कसा केला, हे कृपया लिहावे.

परीक्षेबद्दल एकच विचारते. क्वालिफाइंगच्या दुसऱ्या भागात ओस्की असते, म्हणजे रुग्णाची भूमिका करणाऱ्या माणसाशी ठरावीक मिनिटांत बोलून औषध समजावून सांगायचे असते. पॅरासिटामॉलला तेथे अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात, अ‍ॅड्रिनॅलिनला एपिनेफ्रिन. ही नावे पाठ करता येतील. परंतु येथे खिडकीशी येणारा माणूस ‘पेली धोळी गोळी आपो’ (ती पांढरी गोळी द्या) म्हणतो, मी चिठ्ठी वाचून गोळ्या कापून देते, पाकिटावर सकाळ-संध्याकाळच्या खुणा करते, की मागचा माणूस पुढे सरकतो. आणखी कोणती औषधे चालू आहेत, कसली अ‍ॅलर्जी आहे का, हे निवांत विचारण्याची सवयच राहिलेली नाही. ही तयारी इथे नोकरी करता करता झाली का, की तेथे जाऊन फार्मसी असिस्टंट म्हणून काम करताना झाली? असिस्टंटचे काम करण्यात मला कमीपणा वाटत नाही. जाऊबाईंच्या ओळखीतल्या एक ताई मात्र त्याच कामात राहिल्या आणि परीक्षा मागे पडली, म्हणून विचारते.

घाई नावाच्या प्रश्नाची आहे, कारण लिफाफ्यात घालायचा फॉर्म कोणत्या नावाने भरायचा हेच अजून ठरलेले नाही. त्यामुळे आधी त्याबद्दल कोणी लिहिले तर बरे होईल.